पेवात उतरण्याआधी कंदील

सोलापूर-बार्शीकडची जुनी माणसं धान्याचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, उघडल्या उघडल्या कुणाला आत उतरू देत नसत. तोंडावरची माती खरवडायची, फरशी सरकवायची, बराच वेळ वारं लागू द्यायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. विझण्याचं कारण त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण पेवात गुदमरून माणसं गेल्याचं गावोगाव ऐकलेलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

इंग्लंडमध्ये हेच कारण एका माणसानं खड्डे खणून तपासून पाहिलं. पीटर रेनॉल्ड्स त्याचं नाव. हॅम्पशायरमध्ये 1972 साली सुरू झालेलं बट्सर हे प्राचीन पद्धतीचं शेत त्यानं उभं केलं. लोहयुगातल्या वस्त्यांत खडूच्या खडकात खणलेले खोल खड्डे सापडत होते. ते धान्याचे असावेत असा अंदाज होता, पण तिकडच्या ओल्या हवेत धान्य जमिनीखाली टिकेल कसं, ही शंका होती. रेनॉल्ड्सनं खड्डे भरले, तोंडं मातीनं लिंपली आणि पावसाळी हिवाळा जाऊ दिला. भिंतीलगतच्या दाण्यांना ओल लागते, ते मोड काढू लागतात, आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो वायू साचला की मोड येणं थांबतं, कीडही जगत नाही आणि मधलं धान्य निजून राहतं. ते पुढं पेरलं तरी उगवतं. आपल्याकडे भिंतीलगतची ज्वारी काळी पडून वास मारते आणि मधली चांगली निघते, त्यामागे हेच आहे.

प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात ते हे. जुनी वस्तू पाहून ती कशी बनली, कशी वापरली असेल याचा तर्क करायचा, मग त्या काळच्या साधनांनी स्वतः ती गोष्ट करून पाहायची आणि प्रत्येक टप्पा मोजायचा. मोजणं सुटलं की ती नुसती हौस ठरते. डेन्मार्कमधल्या लायरे इथं लोहयुगीन पद्धतीचं एक घर बांधून 1967 साली मुद्दाम जाळलं गेलं आणि 25 वर्षांनी त्याच जागी उत्खनन केलं. जळालेलं घर मातीत काय ठेवून जातं, हे त्यांना पाहायचं होतं. एवढा धीर मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे अशा कामासाठी समृद्ध ठिकाण भीमेच्याच खोऱ्यात आहे. पंढरपूरला चंद्रभागा होऊन वळणारी भीमा वर शिरूरच्या बाजूला घोड नदीला पोटात घेते. त्या घोडकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ. स. पूर्व 1600 ते 700 या नऊशे वर्षांतली शेतकरी वस्ती तिथं उलगडली. शंभराहून अधिक घरं, भांडी भाजायची भट्टी, नदीचं पाणी वळवायचा पाट आणि बांध, घरातच पुरलेली मुलं. आणि धान्याची पेवं, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटेसुद्धा. त्यांचं मुख्य पीक सातू, म्हणजे जव. आपल्या ज्वारीचं पेव आणि त्यांचं जवाचं पेव यांच्यामध्ये तीन हजार वर्षं आहेत.

ती घरंही परकी वाटत नाहीत. बुटकी मातीची भिंत, वर कुडाची, शेणामातीनं लिंपलेली बाजू, सारवलेली जमीन आणि गवताचं छप्पर. पुढच्या दुष्काळी काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. आजही कुड विणणारे, मातीत किती भुसा कालवायचा हे हाताला कळणारे लोक सोलापूर जिल्ह्यात आहेत. मात्र त्यांचं वय झालं आहे. धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकायची रीत होती आणि ती माती गावाजवळच्या जुन्या टेकाडातून आणली जायची. अशी पांढरी म्हणजे बहुधा जुनं गावठाणच. शेकडो वर्षांची वस्ती छपरावर गेली, हे मनाला लागतं. त्या माणसांना दोष मात्र देववत नाही, कारण ती माती पाणी धरत नाही हे ज्ञानही त्यांचंच होतं.

दगडाच्या बाबतीत सोलापूरकरांनी दक्षिणेला पाहावं. सीमेपलीकडे यादगीर जिल्ह्यात इसामपूर इथं डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी आदिमानवाची दगडखाण आणि हत्यारं घडवायची जागा उजेडात आणली. तिथल्याच चुनखडकाच्या पाट्या घेऊन अभ्यासकांनी पुन्हा हातकुऱ्हाडी घडवल्या आणि उडालेल्या कपच्या उत्खननातल्या कपच्यांशी ताडून पाहिल्या. इनामगावच्या काळातलं, म्हणजे ताम्रपाषाणयुगातलं, पातं याहून नाजूक. गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या गाभ्यावर आधी दोन्ही बाजूंनी टवके काढून सरळ कणा तयार करायचा आणि त्या कण्याच्या आधारानं पहिलं लांब पातं सोडवायचं. वाचताना हे सोपं वाटतं. हातात दगड घेतला की पहिल्याच घावाला गाभा फुटतो. खंभातचे अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं मारतात. केनोयरसारख्या संशोधकांनी त्यांच्याकडे बसून हडप्पाकालीन मणी समजून घेतले.

सूत हा तर सोलापूरचा जीव. नेवाशाला त्याच युगातल्या एका बालकाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले. त्यात शिल्लक राहिलेला दोरा रेशमाचा होता, त्यात कापसाचा अंशही होता. घोडकाठच्याच चांडोलीला सापडलेला दोरा जवसाचा. जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर रोज खातो, पण त्या रोपाच्या काडीतून वाख निघतो हे विसरून गेलो. अंबाडी पाण्यात कुजवून, झोडपून वाख काढणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. तीच रीत जवसाला लावून पाहिली आणि मातीची चकती लावलेल्या चातीवर ते सूत काढलं, तर एका माळेपुरता दोरा व्हायला किती वेळ लागतो? हातमाग आणि यंत्रमाग या दोन्हींवर वाढलेल्या शहराला हा प्रश्न पडायला हवा.

इथं एक सावधगिरी हवी. आजचा कुंभार किंवा धनगर म्हणजे जिवंत ठेवलेला प्राचीन माणूस नव्हे. त्यांच्या हातांनीही काळाबरोबर शंभर गोष्टी बदलल्या आहेत. ते उत्तरं देणार नाहीत, पण काय तपासायचं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. म्हणून लोकांसाठी असं प्रयोगाचं ठिकाण उभारायचं तर काचेमागचे पुतळे नकोत. वाख काढणाऱ्या आजी, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावणारा विणकर, कुड विणणारा माणूस यांना योग्य मानधन देऊन शिक्षक म्हणून बसवावं आणि नोंदी ठेवायला विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाची मुलं असावीत.

सुरुवात पेवानंच करता येईल. उंचवट्याच्या मुरमात दोन लहान पेवं खणायची. एकाला आतून कडब्याचं अस्तर द्यायचं, दुसरं उघडं ठेवायचं. दोन्हींत एकाच खळ्यातली मालदांडी ज्वारी भरायची, तोंडं लिंपायची, पावसाळा जाऊ द्यायचा. दिवाळीनंतर शाळेच्या मुलांसमोर फरशी सरकवायची आणि कंदील खाली सोडायचा. मग भिंतीलगतची आणि मधली ज्वारी वेगळी काढून, प्रत्येकी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे आणि चौथ्या दिवशी किती दाण्यांना मोड आले ते मुलांनी मोजायचं.