चेहरा हाच पुरावा!

खून, रक्त, किंकाळ्या आणि त्यावर प्रेक्षागृहात हशा, असा एक अमेरिकन सिनेमा घेऊन मी आज या पानावर आलो आहे याचे काही वाचकांना नवल वाटेल. चळवळीच्या दैनिकात लिहायला विषय संपले काय, असे विचारणारा एखादा फोनही येईल. येऊ द्या. माझा पुतण्या विधी महाविद्यालयात शिकतो. एका रविवारी त्याने हा सिनेमा मला बळजबरीने बसवून दाखवला. "काका, यात तुमच्या कोर्टातल्या निम्म्या केसेस आहेत," असे तो म्हणाला. पहिली वीस मिनिटे मी नुसता हसलो. नंतर हसताना अडखळू लागलो.

सिनेमाचे नाव 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हल'. दिग्दर्शक एली क्रेग, आणि पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच सिनेमा. मोठ्या स्टुडिओच्या पैशावर न बनलेला हा स्वतंत्र सिनेमा २०१० साली सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो लागायला २०११ चा सप्टेंबर उजाडला, आणि तेव्हाही मोजक्याच पडद्यांवर. कथा घडते वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात. चित्रीकरण मात्र कॅनडातले.

कॉलेजातली मुले-मुली सुटीत तंबू ठोकून राहायला जंगलात निघाली आहेत. वाटेत पेट्रोल पंपावर त्यांना दोन गडी दिसतात. मळके कपडे, वाढलेल्या दाढ्या, जुनी गाडी. हे टकर आणि डेल, एकमेकांचे जिवलग मित्र. टकरने आयुष्याची पुंजी घालून जंगलात एक मोडकी झोपडी विकत घेतली आहे. ती दुरुस्त करायची आणि निवांत मासे धरायचे, एवढेच त्यांचे स्वप्न. डेलला त्या घोळक्यातली एक मुलगी आवडते, पण बोलायची छाती होत नाही. टकर त्याला सांगतो, जा, हस आणि बोल. डेल जातो, पण हातात नुकताच घेतलेला लांब दांड्याचा विळा तसाच असतो. भीतीने तो वेड्यासारखा हसतो आणि विचारतो, कॅम्पिंगला चाललात का? मुले किंचाळत गाडीत बसून पळ काढतात.

इथून पुढे जे घडते ते खरे तर दोन-तीन वाक्यांत मिटले असते, कोणी ती वाक्ये ऐकून घेतली असती तर. रात्री तळ्यात पोहायला आलेली ती मुलगी, ॲलिसन, खडकावरून घसरून डोके आपटून पाण्यात पडते. डेल उडी टाकून तिला वाचवतो. दोघे तिच्या मित्रांना हाका मारून सांगतात, तुमची मैत्रीण आमच्याकडे आहे! मित्रांच्या कानी पडते ती खंडणीखोराची धमकी. सकाळी डेल तिच्यासाठी नाश्ता करतो. बाहेर झाडीत लपलेली मुले तिच्या सुटकेसाठी काठ्यांचे भाले तासत असतात.

मग मुले मरू लागतात. एकेक करून, आणि बहुतेक आपल्याच घाईने. टकर लाकूड कापताना यांत्रिक करवत मधमाश्यांच्या पोळ्यात घुसते. माश्या अंगावर येतात आणि तो करवत हवेत फिरवत जीव घेऊन धावत सुटतो. पळणाऱ्या मुलाला दिसतो तो करवत घेऊन मागे लागलेला खुनी. मागे बघत पळताना तो तुटक्या फांदीवर जाऊन आदळतो आणि ती त्याच्या छातीतून आरपार जाते. दुसरा टकरवर चाल करून येतो. नेमका त्याच क्षणी टकर खाली वाकतो आणि पोरगा लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रात डोक्यावर पडतो. तिसरा स्वतःच्याच भाल्यावर. टकर आणि डेल गोंधळून जातात. त्यांना वाटते, ही श्रीमंतांची पोरे सामुदायिक आत्महत्या करायला आपल्या जागेत आली आहेत.

अमेरिकेत या प्रकारच्या सिनेमांची एक परंपराच आहे. १९७२ चा 'डिलिव्हरन्स' घ्या, १९७४ चा 'टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' घ्या. शहरातली माणसे रानात, आडगावात जातात आणि तिथली गरीब, अडाणी माणसे त्यांचा घात करतात. पाहुणा सभ्य, स्थानिक राक्षस. डोंगरातल्या या गरीब गोऱ्यांना तिकडे 'हिलबिली' म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. क्रेग यांनी एवढेच केले की कॅमेरा उचलून राक्षसाच्या घरात ठेवला. तिथून पाहिले तर राक्षस भांडी घासताना दिसतो.

यावर कोणी म्हणेल, ही गोऱ्यांची आपापसातली गंमत, तिच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिकवले, त्याला हे वेगळे सांगायला नको की वर बसलेल्यांतही पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याकडे तोंड करून थुंकतो. टकर-डेलला गुलामगिरीचा इतिहास नाही, कातडीचा गोरा रंग त्यांच्या पाठीशी आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही गरीब गोऱ्याला 'बिघडलेले रक्त' ठरवण्याचे काम अमेरिकेत नुसत्या सिनेमाने केलेले नाही. ते कायद्याने केले. शेजारच्याच व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या गरीब गोऱ्या मुलीला मतिमंद ठरवून तिची सक्तीने नसबंदी करण्याचा हुकूम निघाला. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यावर बलात्कार झाला होता आणि त्यातून तिला मूल झाले होते. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो हुकूम उचलून धरला. निकाल लिहिला ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, ज्यांचे नाव आम्हाला लॉ कॉलेजात आदराने घ्यायला शिकवले होते. आई, लेक आणि नात अशा तीन पिढ्या मंदबुद्धी निघाल्या, आता पुरे, अशा आशयाचे त्यांचे वाक्य कुप्रसिद्ध आहे. ती नात पुढे शाळेत गेली आणि हुशार मुलांच्या यादीत आली. वकील म्हणून मला अधिक बोचते ती दुसरीच गोष्ट. ज्या संस्थेला तिची नसबंदी करायची होती, तिच्या संचालक मंडळावर कॅरीचा वकील स्वतः पूर्वी बसलेला होता. तिच्या बाजूने तो किती लढला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या काळातल्या अशा कायद्यांखाली अमेरिकेत ६० हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली.

आता कायद्याच्या दृष्टीने त्या जंगलाकडे पाहू. जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आरोपीची वर्तणूक विचारात घेता येत असे, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद राहिली आहे. गुन्ह्यानंतर माणूस पळाला, तर ते पळणे त्याच्याविरुद्ध जाते. आता त्या मुलांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करा. टकर करवत घेऊन धावत होता काय? होय. रक्ताने माखला होता काय? होय. मुलगी त्यांच्या झोपडीत होती काय? होय. एकही साक्षीदार खोटे बोलत नाही, आणि तरीही सगळे मिळून जे सांगतात ते धादांत खोटे आहे. मधमाश्या कोणी पाहिल्याच नाहीत. पाहायच्याच नव्हत्या, कारण आरोपी आधी ठरला होता आणि पुरावा नंतर गोळा होत होता.

शेरीफ झोपडीवर येतो तो प्रसंग पोट धरून हसवतो. दोघे एका प्रेताची विल्हेवाट लावताना सापडलेले आहेत आणि खरे काय घडले ते सांगण्याचा आटापिटा करत आहेत. ते सांगतात त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि त्यातला एकही शब्द विश्वास बसावा असा नाही. मी मात्र इथे हसू शकलो नाही. तपासी अंमलदारापुढे तुटक तुटक बोलणारा, मध्येच चुकीच्या जागी हसणारा, तारीख-वेळ धड न सांगता येणारा अशील मी रोज पाहतो. सभ्य माणसाचे खोटे नीट इस्त्री केलेले असते. गरिबाचे खरे चुरगळलेले असते.

नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर रात्री हल्ला होऊन पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्या चौघांवर कधी खटलाच चालला नाही. भटके, गरीब, मजूर म्हणून त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्वतःच नोंदवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

डेलबद्दल आणखी थोडे लिहायला हवे, कारण मला सर्वात जास्त चटका त्याने लावला. तो स्वतःला कमी समजतो. कॉलेजातली मुलगी आपल्यासारख्याशी काय बोलणार, असे त्याला मनापासून वाटते. मग दोघे सामान्यज्ञानाचा खेळ खेळतात तेव्हा कळते की ऐकलेली कोणतीही गोष्ट तो विसरत नाही. शाळा नीट झालेली नाही, पण डोके तल्लख आहे. अशी माणसे आपल्या वस्त्यांत पावलोपावली भेटतात. कुणी त्यांच्यासमोर खेळ मांडला नाही म्हणून ती हमाली करतात.

ॲलिसन मानसशास्त्र शिकते. तिला वाटते की समोरासमोर बसवले, चहा दिला की गैरसमज मिटेल. ती डेलला आणि त्या मुलांचा म्होरक्या चॅडला एका टेबलावर बसवतेही. मला वसलसुत्त आठवले. श्रावस्तीत भिक्षेला आलेल्या तथागतांना अग्गिक भारद्वाज 'तिथेच थांब, वसला' म्हणून हाकलतो, आणि भगवान शांतपणे विचारतात, वसल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे का? त्या ब्राह्मणाने निदान 'ठाऊक नाही, सांगा' एवढे म्हटले. चॅड म्हणत नाही. डोंगराळ माणसाने आपल्या बापाला मारले या एकाच गोष्टीवर तो लहानाचा मोठा झाला आहे. तो द्वेष काढून घेतला तर त्याच्याजवळ उरते काय?

आणि नेमका इथेच सिनेमा घसरतो. शेवटाकडे जुन्या कात्रणांतून उघड होते की चॅडचा खरा बाप तो डोंगराळ खुनीच होता. कात्रणातला विनोद मला कळतो. ज्याचा तिरस्कार केला तेच रक्त आपल्या अंगात निघाले. पण जन्मावरून माणूस ठरत नाही हे तासभर पटवून दिल्यावर खुन्याचा पोर खुनी निघाला असे दाखवणे म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला मनू मागच्या दाराने घरात घेणे होय. माझ्या पुतण्याला हे पटले नाही. त्याच्या मते चॅडला रक्ताने नव्हे, घरात ऐकलेल्या गोष्टीने बिघडवले. वाद अजून चालू आहे.

आमच्याकडे हे रक्ताचे शास्त्र १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने चालवले. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच अशा जमाती निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती कसे म्हणावे, असा सवाल केला. कायदा १९५२ साली गेला. नजर गेली नाही, आणि ती नजर फक्त मनुवाद्यांच्या डोळ्यांत आहे असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवर अफवा फिरत होती. भिक्षेची झोळी आणि अनोळखी चेहरा एवढाच पुरावा. मारणाऱ्या गर्दीत सवर्ण जमीनदार नव्हते. ती गावे आदिवासींची आहेत. सिनेमातल्या त्या टोळक्यात एक कृष्णवर्णीय तरुणही आहे, आणि टकर-डेलमध्ये त्यालाही खुनीच दिसतात.

माझेही सांगून टाकतो. मागे वकिलांच्या खोलीत एक पारधी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. टेबलावर माझा मोबाइल पडला होता. मी तो उचलून खिशात टाकला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, हातात माझ्या एका फिर्यादीचा मसुदा होता, आणि हात आपोआप गेला. तिने ते पाहिले. काही बोलली नाही. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर पसरला आणि म्हणाली, "साहेब, पोरगं त्या दिवशी शाळंत होतं. मास्तरला इचारा."