गोठ्यापासून ताटापर्यंत : लाइपझिगची पशुवैद्यक विद्याशाखा

जानेवारी २०२५मध्ये बर्लिनच्या सीमेलगत, ब्रांडेनबुर्ग राज्यात, म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत रोग आढळला. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हा रोग चांगलाच परिचयाचा आहे. जर्मनीत मात्र तो १९८८नंतर प्रथमच दिसला. कळपातील उरलेली जनावरे मारावी लागली, आसपासच्या भागात जनावरांची ने-आण थांबली आणि काही देशांनी जर्मनीतील मांस व दुग्धजन्य पदार्थांची आयात रोखली. दशकानुदशके न दिसलेला रोग वेळीच ओळखणारे पशुवैद्य कोठे घडतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्राणिप्रेमींचा नाही.

जर्मनीत पशुवैद्यकाचे शिक्षण बर्लिन, म्युनिक, गीसेन, लाइपझिग आणि हॅनोव्हर या पाचच ठिकाणी मिळते. त्यांपैकी हॅनोव्हर येथे स्वतंत्र उच्चशिक्षण संस्था आहे; इतरत्र ती विद्यापीठाची विद्याशाखा आहे. लाइपझिगच्या विद्याशाखेचे मूळ १७८०मध्ये ड्रेस्डेन येथे स्थापन झालेल्या पशुवैद्यक शाळेत आहे. १९२३मध्ये ही संस्था लाइपझिग विद्यापीठात आली.

येथील रुग्णालयांची विभागणी प्राण्यांनुसार केलेली आहे : कुत्र्या-मांजरांसारखे लहान प्राणी, घोडे, गाय-शेळी-डुकरांसारखे दुभंगलेल्या खुरांचे प्राणी आणि पक्षी व सरपटणारे प्राणी. यांच्या जोडीला शरीररचना, विकृतिशास्त्र, विषाणूशास्त्र, परजीवीशास्त्र व अन्नस्वच्छता यांच्या संस्था आहेत. शहराबाहेर ओबरहोल्ट्स येथे अध्यापन व संशोधनासाठी शेती-पशुपालन केंद्रही आहे. प्राध्यापक, उपचार करणारे साहाय्यक पशुवैद्य, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि प्राण्यांची निगा राखणारे कर्मचारी या साऱ्यांच्या हाताखालून विद्यार्थी तयार होतो.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, म्हणजे अकरा सत्रांचा असून तो पदवीने नव्हे, तर राज्यपरीक्षेने पूर्ण होतो. शिक्षणाचे माध्यम जर्मन आहे. कोणत्याही पशुवैद्यक संस्थेत शिकला तरी विद्यार्थ्याला समान संघीय नियमावली लागू होते. तिच्यानुसार ११७० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यांत शेती, खासगी दवाखाना वा रुग्णालय, अन्नतपासणी, कत्तलखान्यातील मांसपरीक्षण आणि शासकीय पशुवैद्यकीय कार्यालय यांचा समावेश आहे. पुढे केवळ मांजरांवर उपचार करू इच्छिणाऱ्यालाही कत्तलखाना टाळता येत नाही. कारण हाती पडणारा परवाना गोठ्यापासून ताटापर्यंतच्या संपूर्ण जबाबदारीचा असतो.

या परवान्यास 'आप्रोबात्सिओन' म्हणतात. नावामागे 'डॉक्टर' लावण्यासाठी मात्र स्वतंत्र संशोधन करून प्रबंध सादर करावा लागतो. विशेषज्ञ होण्याचे प्रशिक्षण त्याहूनही वेगळे आहे.

जर्मनीत वाढलेल्या मराठी मुलांनी 'आबिटुअर' ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण केल्यास नागरिकत्व भारतीय असले तरी प्रवेशाचा अर्ज केंद्रीय पद्धतीनेच करता येतो. मुख्य जागांपैकी ३० टक्के आबिटुअरच्या गुणांवर, १० टक्के गुणनिरपेक्ष पात्रतेवर आणि ६० टक्के संस्थांच्या स्वतःच्या निकषांवर भरल्या जातात. त्यामुळे शालेय गुण थोडे कमी असले, तरी अभियोग्यता चाचणी वा संबंधित व्यवसायाचा अनुभव उपयोगी पडू शकतो.

महाराष्ट्रातून पदवी घेऊन येणाऱ्यांची वाट निराळी आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासूनचे असले, तरी तेथील पदवीला जर्मनीत आपोआप मान्यता मिळत नाही. संबंधित राज्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. शिक्षण समकक्ष न ठरल्यास ज्ञानपरीक्षा द्यावी लागते आणि व्यवसायापुरते जर्मनही यावे लागते. संशोधनासाठी येणाऱ्यास अनेकदा इंग्रजीवर भागवता येते. पण प्रयोगशाळेतून रुग्णालयात पाऊल टाकायचे, तर परवाना हवाच. त्यामुळे प्रबंधाच्या वर्षांतच भाषा आणि मान्यतेची तयारी सुरू करणे शहाणपणाचे ठरते.