गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन : पैसे भरण्याआधी हे वाचा



पावसाळी बंदी लागली की आपल्याकडे दोन कामं निघतात. जाळी दुरुस्त करायची आणि वर्षभर ढकललेलं दुखणं डॉक्टरला दाखवायचं. त्यात गुडघे पहिले. सध्या मोबाइलवर "ऑपरेशन नको, स्टेम सेलने गुडघ्याची गादी परत तयार" अशा जाहिराती फिरताहेत. सोसायटीकडे त्यासाठी कर्जाची विचारणाही झाली. म्हणून जी माहिती मिळाली ती साध्या भाषेत मांडतो. आम्ही डॉक्टर नाही. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

गुडघ्यात नेमकं काय होतं?
दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचं ओझं यांनी ती झिजते. डोलत्या डेकवर तोल सांभाळत ओढलेलं जाळं, बंदरावर उचललेल्या टोपल्या, मासळी निवडताना तासन् तास उकिडवं बसणं, हे सगळं गुडघ्यावरच येतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून हाताची जखम भरते तशी ती भरून येत नाही. डॉक्टर एक्स-रे बघून झिजेच्या १ ते ४ पायऱ्या सांगतात. चौथी म्हणजे गादी जवळजवळ संपलेली.

स्टेम सेल काय करतात?
स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून त्या काढतात आणि सुईने सांध्यात सोडतात. आपला समज असा की त्या आत जाऊन नवी गादी विणतात. तसं सहसा होत नाही. बहुतेक पेशी काही दिवसांत-आठवड्यांत संपतात. त्या जे रस सोडतात त्याने सांध्यातली सूज शांत होते, असं शास्त्रज्ञ मानतात. शाफ्टचा बुश झिजला आणि तो गरम होणं थांबलं, तर बोट जरा बरी चालेल, पण बुश काही नवा झाला नाही. तसंच हे.

आपल्या देशात मंजुरी कशाला आहे?
२०२२ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी एका स्टेम सेल औषधाला मंजुरी दिली. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीचं हे स्टेम्प्यूसेल. अल्केम कंपनी ते स्टेमवन नावाने विकते. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून ते बनतं. एका मात्रेत अडीच कोटी पेशी. मंजुरी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी आहे, चौथ्या पायरीसाठी नाही.

त्याची चाचणी १४६ रुग्णांवर झाली. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांना बिनपेशींचं इंजेक्शन. वर्षभरात पेशी मिळालेल्यांचं दुखणं आणि आखडणं जास्त कमी झालं. एमआरआयमध्ये गादी वाढलेली दिसली नाही, पण त्यांची झीज आणखी बिघडलेलीही दिसली नाही. फायदा आहे, जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही.

बाहेरच्या देशांत काय दिसलं?
अमेरिकेत ४७५ रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशी आणि साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना झाली. २०२३ मध्ये निकाल आला : वर्षअखेर कुठल्याही पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत. २०२५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २५ चाचण्या एकत्र तपासल्या. १० पैकी किती दुखतं या मापात फरक साधारण सव्वा गुणाचा निघाला, आणि त्या पुराव्यावरही भरवसा कमीच.

धोकाही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली, सरकारी मंजुरी नसलेली इंजेक्शनं घेतल्यावर १२ जणांना जंतुसंसर्ग झाला. सगळ्यांना इस्पितळात दाखल करावं लागलं.

पैसे भरण्याआधी हे विचारा
१. औषधाचं नाव काय, आणि त्याला औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का? लेखी मागा.
२. माझी झीज कितव्या पायरीची?
३. पेशी कुठून आणल्या? आपलीच चरबी किंवा मज्जा काढून लगेच गुडघ्यात टोचणं हा मंजूर उपचार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे असं फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतं, आणि तिथे रुग्णाकडून औषधाचे पैसे घ्यायचे नसतात. "चाचणी आहे, लाख भरा" म्हटलं की तिथून उठा.
४. हे पीआरपी तर नाही? पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला अंश, तो स्टेम सेल नव्हे. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवरच्या चाचणीत वर्षाअखेर तो मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही.
५. फरक पडला नाही तर पुढे काय?

आधी करण्यासारखं
मांडीचे स्नायू मजबूत करण्याचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि रोज करा. वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. मासळी निवडायला उंच स्टूल किंवा फळी घ्या, टोपली दोघींनी मिळून उचला. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडतात. लावायचा मलम आधी वापरून बघा.

गादी संपलीच असेल तर सांधा बदलण्याचं ऑपरेशन हा जुना, पारखलेला मार्ग आहे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. आयुष्मान कार्डावर गुजरातमध्ये २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का आणि कुठे होईल, ते आधी विचारून घ्या. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही दोन्ही सरकारी इस्पितळं आहेत. तिथे हाडांच्या डॉक्टरला दाखवून दुसरं मत घेता येतं.

मंजूर औषध घ्यायचं असेल, पायरी जुळत असेल आणि घरात पैसे असतील तर जरूर घ्या, आमची ना नाही. पण बोट गहाण टाकून किंवा मंगळसूत्र मोडून घेण्याइतकी खात्री या उपचाराची अजून झालेली नाही. कुणी अंदाजपत्रक दिलं असेल तर एक्स-रेसकट ऑफिसात घेऊन या. त्यावरचं औषधाचं नाव आणि मंजुरी आपण एकत्र बसून तपासू.

आपला,
सेक्रेटरी