पॅलिम्प्सेस्ट : एक शब्दविचार

पोथ्यांच्या इंग्रजी सूचींत व ताम्रपटांवरील इंग्रजी निबंधांत ‘पॅलिम्प्सेस्ट’ हा शब्द मधूनमधून भेटतो. खाडाखोड झालेल्या कोणत्याहि कागदास तो लावण्याचा मोह संग्राहकांस होणें स्वाभाविक आहे. परंतु तसें करणें आमच्या मतें चूक होय.

शब्द मूळचा ग्रीक. ‘पालिन्’ म्हणजे पुन्हा, आणि दुसऱ्या पदाचा धात्वर्थ घासणें, खरवडणें. लॅटिनमध्यें तो कातुल्लुस व सिसेरो यांच्या लेखनांत, म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या शतकांतच, आलेला आहे. पुढें यूरोपांत चर्मपत्र महाग पडे. म्हणून जुना मजकूर धुऊन किंवा खरवडून त्याच पत्रावर नवा ग्रंथ उतरीत. सिसेरोचा राज्यविषयक ग्रंथ ऑगस्टिनच्या स्तोत्रटीकेखालीं दडलेला आंजेलो माई यांस १८१९ मध्यें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत गवसला. आर्किमीडीझच्या ग्रंथांची दहाव्या शतकांतील प्रत तेराव्या शतकांत प्रार्थनेची पोथी बनली होती. ती १९०६ मध्यें हायबर्ग यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें ओळखिली. खालचीं अक्षरें उठावीत म्हणून एकोणिसाव्या शतकांतील संशोधक मायफळाचा अर्क लावीत. अक्षरें क्षणभर दिसत, आणि पत्रें कायमचीं काळवंडत! आर्किमीडीझच्या पोथीचें वाचन मात्र १९९९ नंतर निरनिराळ्या प्रकाशलहरींत छायाचित्रें घेऊन पुढें नेण्यांत आलें.

तेव्हां पहिला लेख नाहींसा करणें आणि तीच वस्तु दुसऱ्या लेखासाठीं वापरणें, हीं दोन्हीं लक्षणें एकत्र हवींत. आपल्याकडील कागदी पोथींत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांसीत. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. तेथें ग्रंथ तोच राहतो, केवळ शुद्धि होते. तो पॅलिम्प्सेस्ट नव्हे. याच्या उलट, जुना लेख ठोकून वा घासून सपाट केलेल्या पत्र्यावर नवें दानपत्र कोरलें असल्यास त्या ताम्रपटास हें नांव यथार्थ शोभतें. मराठींत ‘घृष्टलेख’ म्हणावें, असें आम्ही सुचवितों. ‘पुनर्लिखित’ म्हटल्यास नुसत्या नकलेचा भास होतो.

ताम्रपट हातीं येतांच चिंच लावून लखलखीत करण्याची संवय पुष्कळांस आहे. ओळींच्या मधून परकीं वळणें डोकावत असतील, तर तसें मुळींच करूं नये. प्रथम तिरप्या उजेडांत दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत, मग ठसे. आणि वरच्या व खालच्या लेखाचें वाचन निरनिराळें नोंदवावें.