संगम काव्यातील ‘तिणै’ : भूप्रदेश आणि भाव

प्राचीन तमिळ काव्याचा परिचय करून देताना ‘निसर्गकाव्य’ हा शब्द सर्रास योजला जातो. प्रस्तुत लेखकास तो दिशाभूल करणारा वाटतो. या काव्यातील निसर्ग हा वर्णनाचा विषय नसून भाव व्यक्त करण्याची भाषा आहे.

‘एट्टुत्तोगै’ (आठ संग्रह) व ‘पत्तुप्पाट्टु’ (दहा दीर्घ काव्ये) यांत संकलित झालेले हे काव्य साधारणतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानले जाते. प्रेमविषयक ते ‘अगम्’ आणि युद्ध, राजे, दातृत्व यांविषयीचे ते ‘पुरम्’. अगम् काव्यात नायक-नायिकेचे नाव घेण्यास संकेताने मनाई आहे. नावाच्या जागी येतो तो प्रदेश.

‘तोल्काप्पियम्’ या व्याकरणग्रंथात या प्रदेशांचे, म्हणजे तिणैंचे, संकेत सांगितले आहेत. ‘कुरिंजी’ हा डोंगराळ प्रदेश मीलनाचा, ‘मुल्लै’ हे रान प्रतीक्षेचे, ‘नेय्दल्’ हा सागरकिनारा व्याकुळतेचा, तर ‘पालै’ ही रखरखीत भूमी ताटातुटीची. प्रत्येकीची वेळ, ऋतू, पशुपक्षी ठरलेले. (कुरिंजी हे बारा वर्षांनी फुलणारे फूल, सह्याद्रीतील कारवी त्याच्याच जातकुळीतली.) ‘मरुदम्’ म्हणजे सुपीक शेतजमीन, आणि तिचा भाव रुसव्याचा. तळ्यात शिरून कमळे खाणारी म्हैस तेथे दिसली, की नायक गणिकेकडे गेल्याचे रसिकाने ओळखावे. पत्नीने तक्रारीचा शब्दही उच्चारण्याची गरज नाही. या गर्भित उपमेस ‘उळ्ळुरै’ म्हणतात. संकेत ठाऊक नसल्यास मात्र ती केवळ म्हैसच राहते.

ही परंपरा विस्मृतीच्या काठावर होती. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी ताडपत्रे शोधून १८८९ मध्ये ‘पत्तुप्पाट्टु’ व १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’ मुद्रित केले. पुढे १९६७ मध्ये ए. के. रामानुजन यांनी ‘कुरुंदोगै’तील निवडक कवितांच्या इंग्रजी अनुवादास ‘द इंटिरिअर लँडस्केप’ असे समर्पक नाव दिले.

तमिळला २००४ मध्ये व मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. मराठीच्या बाजूने हालाच्या ‘गाथासप्तशती’चा दाखला वारंवार दिला गेला, परंतु बहुधा प्राचीनत्वापुरताच. वास्तविक जॉर्ज हार्ट यांनी १९७५ मध्येच संगम काव्य व ही महाराष्ट्री प्राकृत गाथा यांतील साम्याकडे लक्ष वेधले होते. दोहोंत लहान आकार, अनाम बोलणारी स्त्री आणि न बोललेला अर्थ आहे. आनंदवर्धनाने ध्वनीची उदाहरणे म्हणून प्राकृत गाथा घेतल्या, त्या याच गुणामुळे. भेद इतकाच, की तमिळ श्रोत्याच्या हाती तिणैची किल्ली आधीच होती; गाथेच्या वाचकाला ती प्रत्येक गाथेत नव्याने शोधावी लागते.