दोऱ्याएवढी अळी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वायकाटो भागात पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदली आहेत. तिथे माणसाच्या उंचीहून उंच वाढणारी, पाने जवळजवळ नसलेली 'स्पोराडॅन्थस फेरुजिनियस' नावाची लव्हाळ्यासारखी वनस्पती उगवते. तिच्या खोडात हुडिनिया फ्लेक्सिलिसिमा या चिमुकल्या पतंगाची अळी राहते. खोड आतून पोखरत तिथेच वाढते आणि कोषही तिथेच करते. शिवणाच्या दोऱ्यासारखी ही अळी जगातल्या सर्वांत बारीक अळ्यांत मोडते. तिथले लोक तिला लाडाने 'फ्रेड द थ्रेड' म्हणतात. विज्ञानात या पतंगाची नोंद झाली ती थेट 2006 मध्ये. खोडाच्या आत दडलेला जीव दिसणार तरी कसा!

हा पतंग या एकाच वनस्पतीवर जगतो, आणि खरी अडचण तीच आहे. दुधाच्या धंद्यासाठी, कुरणांसाठी वायकाटोतल्या बहुतेक दलदली कोरड्या केल्या गेल्या. कोपुआटाई, टोरेहापे अशा मोजक्या ठिकाणी त्या उरल्या. पीट उपसून उजाड झालेल्या जागी ही वनस्पती पुन्हा लावल्यावर पतंगही परतला, पण मूळ दलदलीजवळच्या वाफ्यांत लवकर, लांबच्या वाफ्यांत उशिरा. तेव्हा नवी लागवड जुन्या दलदलीला लागूनच करणे शहाणपणाचे.