कोंबड्या रात्री कुठं बसतात? आज संध्याकाळी नक्की बघा



"कोंबड्या खुराड्यात जातच नाहीत, आंब्यावर नाहीतर पडवीच्या वाशावर जाऊन बसतात." आपल्या दिघाशी भागात बऱ्याच घरी हेच चालतं. मग एखाद्या रात्री रानमांजर किंवा उदमांजर येतं आणि सकाळी अंगणात नुसती पिसं. अंड्यावर आलेली एक तलंग गेली म्हणजे पाच-सहा महिन्यांचा दाणा आणि घरच्या बाईची मेहनत गेली.

कोंबडी हट्टी नसते. तिचं मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे आणि ती झाडावर झोपते. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत ती उंच जागा शोधते. खुराड्यात तशी जागा नसेल तर ती झाडच गाठणार.

*खुराड्यात काय करायचं?*

१) बसायला दांडी लावा. साधारण दोन इंच जाडीचा, पेरं तासलेला बांबू चालतो. लोखंडी पाईप नको, पाय घसरतो.

२) एका कोंबडीला ७ ते ८ इंच जागा धरा. दहा कोंबड्यांना सहा-सात फूट दांडी लागते.

३) गावठीला दोन-तीन फूट उंची चालते. वनराज, गिरिराज अंगानं जड. त्यांना दीड फूट पुरे. उंचावरून उडी मारून तळपायाला गाठ येते.

४) अंड्याची खोकी दांडीपेक्षा खाली ठेवा. खोकी उंच असली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेनं भरतात.

५) दांडीखाली भाताचं तूस पसरा. ओलं झालं की बदला, नाहीतर उग्र वासानं डोळे आणि श्वासाचा त्रास होतो. हवा वरच्या बाजूनं खेळती ठेवा, जाळी बारीक लावा.

*आधी जात होत्या, आता जात नाहीत?*

मग पिसवा-गोचीड तपासा. लाल पिसवा दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवा. लाल डाग पडले तर दांडी काढून उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, भिंतींना चुना मारा. औषध मात्र पशुवैद्यकांना विचारूनच.

*रात्रीची पाच मिनिटं*

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन मोजणी करा. कोंबड्या तेव्हा शांत असतात, पकडायला, लस द्यायला, नवीन कोंबडी कळपात सोडायला हीच वेळ बरी. जी दांडीवर न चढता खाली कोपऱ्यात पिसं फुगवून बसली आहे, ती बहुधा आजारी. तिला लगेच वेगळी करा. घरघर ऐकू आली, मान वाकडी दिसली, हिरवी हगवण असली तर मानमोडीचा (राणीखेत) संशय धरा आणि १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. एकदम मर झाली तर मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, विकू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नका.

*दार कधी लावायचं, कधी उघडायचं?*

जूनअखेर आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. घड्याळ बघून दार लावलं तर थंडीत तासभर उशीर होतो. दिवस मावळला की लावा. सकाळी बांग ऐकून उघडू नका. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, पण कोंबडं तांबडं फुटायच्या बरंच आधी आरवतं. त्याचं घड्याळ त्याच्या अंगातच असतं, हे जपानच्या नागोया विद्यापीठानं २०१३ मध्ये दाखवलं. चांगलं उजाडलं की मगच उघडा.

झाडावर बसायची सवय लागली असेल तर आठवडाभर संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाका. वळतात हळूहळू.

आज मोजणी करा आणि दांडीचा फोटो ग्रुपवर टाका. काही चुकत असेल तर सांगतो.

— कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी